अग्रलेखातला 'आम्ही' कोण?

पत्रकारिता शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: अग्रलेखाखाली नाव नसतं, मग ते मत नेमकं कोणाचं? संपादकाचं, मालकाचं की सगळ्या वृत्तपत्राचं? अग्रलेखातून वृत्तपत्राची ओळख कळते असं वर्गात सांगतात, ती ओळखायची कशी? आणि हल्ली कोणी वाचत नसेल तर लिहितात तरी कशाला?

नावापासून सुरुवात करतो, कारण अर्धं उत्तर तिथेच आहे. मी सव्वीस वर्षं संपादकीय पानावर काढली. पहिली चार दुसऱ्यांच्या अग्रलेखांची प्रुफं वाचण्यात आणि वाढलेल्या ओळी कापण्यात गेली. पहिला अग्रलेख लिहायला मिळाला तेव्हा त्यात मी तीन ठिकाणी 'मला वाटते' असं लिहिलं होतं. आमच्या संपादकांनी काही न बोलता तिन्ही ठिकाणी लाल रेघ मारली आणि समासात एकच शब्द लिहिला: 'कोणाला?'

तेव्हा वाटलं, 'मला'च्या जागी 'आम्हांस' घातलं की झालं. घातलंही. पण त्यांचा प्रश्न व्याकरणाचा नव्हता.

अग्रलेख तयार कसा होतो ते आधी सांगतो. दुपारी साडेतीन-चारला बैठक. चार-पाच माणसं, चहा, दिवसाच्या बातम्यांची यादी. विषय ठरतो, बाजू ठरते, लिहिणार कोण ते ठरतं. पुष्कळदा ज्याचं मत वेगळं असतं त्याच्याच गळ्यात लेख पडतो, कारण त्या विषयाची माहिती त्यालाच जास्त असते. पूर्ण पटलेले नव्हते असे अग्रलेख मीही लिहिलेत. लग्नाच्या बैठकीत घरातलं एखादं माणूस घराच्या वतीने बोलतं, तसं ते काम असतं. बोलणाऱ्याला स्वतःचं मत असतंच, पण शब्द घराचा जातो आणि उद्या मोडला तर नाचक्कीही घराची होते. सात-साडेसातला मजकूर पानात बसतो. ऐन वेळी खाली जाहिरात आली की दोन परिच्छेद उडतात, आणि उडतात ते बहुधा 'तथापि'ने सुरू होणारे. अग्रलेख एकांगी का वाटतात याच्या अनेक कारणांपैकी एक इतकं फुटकळ आहे.

कायद्याचं उत्तर सरळ आहे. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्यानुसार अंकावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावं छापावी लागतात. १ मार्च २०२४ पासून त्या जागी २०२३ चा नवा कायदा आला, पण शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ती ओळ काही गेली नाही. अग्रलेख कोणीही लिहो, कोर्टात उभं राहायचं त्या ओळीतल्या माणसाने. निनावी लेखनाचा अर्थ बेजबाबदार लेखन असा नसतो, तो याच कारणाने. मालकाचं मत? ते असतं, पण रोज फोन करून सांगावं लागत नाही. घरात सासूबाईंना काय आवडत नाही हे सुनेला सहा महिन्यांत कळतं, तसं ते संपादकीय विभागाला कळतं. फोन येतो तो कळूनही न ऐकल्यावर.

आता ओळखीकडे येतो. वृत्तपत्राची ओळख त्याच्या मतांत असते असं सरसकट सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. मतं बदलतात, सरकारं बदलली की बरीच बदलतात. त्याहून चिवट गोष्ट वेगळी: हे पत्र 'आम्ही' म्हणतं तेव्हा त्यात कोणाकोणाला धरतं, आणि ते कोणाकडे तोंड करून बोलत असतं. आजच्या अग्रलेखात 'आम्ही' हा शब्द क्वचितच छापलेला दिसतो. 'सरकारने पावले उचलायला हवीत', 'हे थांबले पाहिजे', अशी कर्ता नसलेली वाक्यं असतात. पण शब्द गेला तरी माणसं गेलेली नाहीत. ती 'सर्वसामान्य', 'नागरिक', 'करदाते', 'जनता' अशा नावांनी लेखभर हिंडत असतात.

हे मला शिकवलं एका पोस्टकार्डाने. डिसेंबर २०१० मध्ये कांदा कडाडला आणि केंद्राने निर्यात थांबवली. मी अग्रलेख लिहिला. सर्वसामान्यांच्या डोळ्यांत पाणी, साठेबाज, सरकारला उशिरा आलेली जाग, सगळं यथास्थित. आमचा अग्रलेख मुंबईच्या आणि नाशिकच्या आवृत्तीत एकच जायचा. आठ दिवसांनी निफाड तालुक्यातून कार्ड आलं. अक्षर सुबक, मजकूर चार ओळींचा. तुमचा सर्वसामान्य माणूस कायम कांदा विकत घेणाराच का असतो, तो विकणारा कधीच का नसतो, असं त्यात विचारलं होतं. शिवी नव्हती, आरोप नव्हता. मी तो अग्रलेख पुन्हा काढून वाचला. पिशवी घेऊन मंडईत उभं राहिलेलं माणूस त्यात सहा वेळा होतं. लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट बघणारं एकदाही नव्हतं. माझी सहानुभूती कोणाकडे आहे असं कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे शेतकऱ्याकडे असं सांगितलं असतं. लेखातला 'आम्ही' मात्र दादरच्या भाजी मंडईत उभा होता. संपादकांच्या त्या 'कोणाला?'चा अर्थ मला तेव्हा, म्हणजे चांगल्या बारा-तेरा वर्षांनी, उमगला.

हीच कसोटी मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासाला लावून पाहा. तुमच्या पाठ्यपुस्तकातली सनावळी एकदम हलायला लागेल.

'केसरी' ४ जानेवारी १८८१ ला निघाला. पहिले संपादक आगरकर होते, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. परकीय सत्तेबद्दल काय म्हणायचं यावर मंडळींत फारसा वाद नव्हता. वाद होता घरातल्या गोष्टींवर: बालविवाह, विधवा, मुलींचं शिक्षण. आगरकरांचा 'आम्ही' आपल्याच समाजाकडे बोट दाखवायला तयार होता, टिळकांचा 'आम्ही' परक्या सरकारसमोर घरातली भांडणं काढायला तयार नव्हता. एका अग्रलेखात हे दोघं मावेनात. १८८७ मध्ये आगरकर बाहेर पडले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. त्याचं ब्रीद होतं, 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार'. आता 'केसरी'च्या माथ्यावर काय होतं ते बघा. जगन्नाथ पंडिताचा संस्कृत श्लोक, मदाने आंधळ्या झालेल्या हत्तीला उद्देशून: बाबा रे, इथे क्षणभरही थांबू नकोस, सिंह जवळच आहे. एक ब्रीद स्वतःला बजावणारं, दुसरं शत्रूला. दोन्ही पत्रांचे अग्रलेख वाचायच्या आधीच त्यांची तोंडं कुठे आहेत हे कळतं.

आणि टिळकांचा तो प्रसिद्ध मथळा. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँड या ब्रिटिश प्लेग अधिकाऱ्यावर गोळी झाडली गेली. सरकारने सगळ्या शहरालाच धारेवर धरलं, आणि ६ जुलैच्या 'केसरी'त अग्रलेख आला: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालं आहे की त्यातली करामत दिसेनाशी झाली. विचारणा सरकारला आहे, पण मराठीत. म्हणजे खरा श्रोता पुण्याच्या पेठांमधला. पण सरकारही ऐकत होतं. देशी वृत्तपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला सरकारदरबारी तयार होत आणि ते टिळकांना पक्कं ठाऊक होतं. लेकी बोले सुने लागे, तसा हा प्रकार. शिवाय 'डोकं ठिकाणावर आहे का' हे कोण कोणाला म्हणतं? वडीलधारं माणूस घरच्या कार्ट्याला. अर्ज-विनंत्यांची भाषा टाकून टिळकांनी व्हाइसरॉयच्या राज्याशी घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज लावला. पुढचा सगळा लेख बाजूला ठेवा, नातं मथळ्यातच उलटं झालेलं आहे.

१९०८ मध्ये हे किती महाग पडतं तेही दिसलं. १२ मेचा 'देशाचे दुर्दैव' आणि ९ जूनचा 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती दावर, समोर नऊ ज्युरी, त्यांतले सात युरोपीय आणि दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली आणि त्यातला मोठा भाग भाषांतरावर खर्च केला. अमुक मराठी शब्दाला तमुक इंग्रजी शब्द घातलात, त्याने अर्थाला नसलेली धार आली, असं एकेक शब्द धरून. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वकिली कीस वाटला. आता वाटत नाही. अग्रलेख ज्यांच्यासाठी लिहिला त्यांच्या कानाने तो ऐका, एवढंच ते सांगत होते. सातास दोन मतांनी ते दोषी ठरले, सहा वर्षांची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. त्यांतल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. ज्याला वाचता येत नाही तोही एखाद्या पत्राच्या 'आम्ही'मध्ये स्वतःला धरतो, हे त्या सहा दिवसांनी दाखवलं.

पण त्याच 'आम्ही'च्या बाहेर कोण होतं? ३१ जानेवारी १९२० ला डॉ. आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं, लेखणी आंबेडकरांची. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. पहिल्या अंकाच्या 'मनोगत'मध्ये आंबेडकर जवळपास हाच मुद्दा मांडतात: इथली बहुतेक वृत्तपत्रं विशिष्ट जातींचं हित पाहणारी आहेत, इतरांची त्यांना फिकीर नसते. हिंदू समाज म्हणजे जिना नसलेला मनोरा, ज्या मजल्यावर जन्मलात त्याच मजल्यावर मरायचं, ही प्रतिमा त्याच लेखातली. आणि माथ्यावर तुकोबा: 'काय करूं आतां धरूनिया भीड । निःशंक हें तोंड वाजविलें'. 'केसरी'ला जगन्नाथ पंडिताचा श्लोक आणि 'मूकनायक'ला तुकोबाचा अभंग, यात आवडीनिवडीचा प्रश्न नाही. कोणत्या घरातून बोलतोय ते दोघांनी दारावरच लिहून ठेवलं होतं.

पुढचा भाग भरभर घेतो. १ जानेवारी १९३२ ला नानासाहेब परुळेकरांनी पुण्यात 'सकाळ' काढला तो अमेरिकेत शिकून, तिकडची वृत्तपत्रं पाहून आल्यावर. आपल्याकडे तोवर मतपत्रं होती, त्यांनी वृत्तपत्र काढलं. अग्रलेख मागे गेला, शहराचं पाणी, रस्ते, बाजारभाव पुढे आले. पत्राची ओळख अग्रलेखाने नाही तर अग्रलेखाला किती जागा द्यायची याने ठरते, हे त्यातून शिकावं. १५ नोव्हेंबर १९५६ ला आचार्य अत्र्यांचा 'मराठा' आला तो याच्या बरोब्बर उलट, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत अग्रलेखच. त्याचा 'आम्ही' संयुक्त महाराष्ट्राची अख्खी चळवळ होती. 'नवाकाळ'च्या नीलकंठ खाडिलकरांना लोक अग्रलेखांचा बादशहा म्हणत. सोपी, छोटी वाक्यं, कामगाराने लोकल पकडताना वाचावीत अशी. त्याच मुंबईत 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये १९६८ ते १९९६ गोविंद तळवलकर लिहीत होते. त्यांचा वाचक लंडनची साप्ताहिकं चाळलेला, किंवा चाळावीत असं वाटणारा. दोघांच्या मतांची तुलना करत बसू नका. दोघांनी आपल्या वाचकाला कुठल्या खुर्चीत बसवलं होतं ते बघा.

गोव्याचं उदाहरण मात्र थांबून सांगायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना ते बहुधा शिकवत नाहीत. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने होतं, त्यात नवल नाही. पण विरोधाची सगळ्यात खणखणीत बाजू मांडणारं दैनिक कोणतं? चंद्रकांत केणींचं 'राष्ट्रमत', मडगावचं, आणि तेही मराठीच. उदय भेंब्रे त्यात 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत. महाराष्ट्रात जायचं नाही हे गोंयकाराला मराठीतून पटवलं गेलं. निकालात केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. लिपी तीच, भाषा तीच, वाचकवर्गही बराचसा तोच. एका पत्राच्या 'आम्ही'त कोल्हापूर-पुणे येत होतं, दुसऱ्याच्या 'आम्ही'ची वेस गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीला संपत होती. 'मराठी वृत्तपत्र' म्हटलं की त्याचा 'आम्ही' आपोआप मराठी माणूस असणार, हे गृहीत धरणाऱ्याने या दोन दैनिकांचे त्या काळातले अंक समोर ठेवावेत.

पक्षाच्या मुखपत्राला लोक नाकं मुरडतात. मला उलट तिथलं काम स्वच्छ वाटतं, कारण 'कोणाला वाटते?' हा प्रश्नच उरत नाही. 'सामना' २३ जानेवारी १९८८ ला निघाला तेव्हापासून त्याचा अग्रलेख स्वतःच बातमी असतो. सकाळी वाहिन्या तो वाचून दाखवतात. २०१४ ते २०१९ या काळात तर गंमत होती. शिवसेना सत्तेत, तिचे मंत्री मंत्रिमंडळात, आणि अग्रलेख त्याच सरकारला झोडपणारा. मंत्र्यांना जे बोलता येत नव्हतं त्याची सोय अग्रलेखात केलेली होती.

आता ओळखायचं कसं. मोठमोठे शब्द सोडून द्या, क्रियापदं बघा. समजा एखाद्या गावात आंदोलन झालं आणि माणसं मेली. एक पत्र लिहील, 'गोळीबार झाला'. वळवाचा पाऊस झाला तसा गोळीबार झाला, कोणी केला नाही. दुसरं लिहील, 'पोलिसांना गोळीबार करावा लागला'. इथे पोलीस आले, पण बिचारे नाइलाजाने आले. तिसरं लिहील, 'पोलिसांनी गोळ्या झाडल्या'. मग मेलेल्यांचं काय झालं तेही बघा: 'मृत्युमुखी पडले', 'बळी गेले' की 'हुतात्मे झाले'. या तीन-चार शब्दांवर आमच्या बैठकीत जितका वेळ गेलाय तितका लेखाच्या निष्कर्षावर गेलेला नाही. निष्कर्ष सगळ्यांचा एकच असतो, चौकशी झाली पाहिजे.

किंवा 'कचराकोंडी' हा शब्द घ्या. पुण्याचा कचरा उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या डेपोवर जायचा. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या की शहरातल्या अंकांत 'कचराकोंडी' सुरू व्हायची. कोंडी कोणाची झाली? शहराची. ज्यांच्या विहिरींच्या काठाशी वर्षानुवर्षं ढीग साचला त्यांची कोंडी गाड्या आल्यामुळे होत होती, गाड्या थांबल्यामुळे नव्हे. तो शब्द मीही बिनदिक्कत वापरलेला आहे. मथळ्यात छान बसतो, हीच त्याची अडचण.

आणखी एक पात्र ओळखून ठेवा: 'संबंधित'. 'याचा संबंधितांनी गांभीर्याने विचार करावा' हे वाक्य अग्रलेखाच्या शेवटी आलं की समजावं, लिहिणाऱ्याने पत्ता न घालता पत्र पेटीत टाकलंय. संबंधित हा इसम महाराष्ट्रात कुठल्याही कार्यालयात भेटत नाही. ज्या पत्राचे अग्रलेख महिन्यात दहा वेळा संबंधितांना उद्देशून असतात, त्या पत्राला कोणाशी भांडायचं नाही हे तुम्हाला कळलं. तीही ओळखच.

मौनाचंही तसंच. आणीबाणीत २८ जून १९७५ ला 'इंडियन एक्स्प्रेस'ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी चौकट लोकांना वाचता आली, कारण रोज तिथे काहीतरी असायचं. पण बहुतेक मौन असं दिसत नाही. ज्या दिवशी शहरातल्या मोठ्या बिल्डरवर छापा पडतो त्या दिवशी आफ्रिकेतल्या निवडणुकीवर विद्वत्तापूर्ण अग्रलेख येतो. आफ्रिकेवर लिहू नये असं नाही, पण आमच्या धंद्यात अशा लेखाला आम्ही आपसात 'छत्री' म्हणायचो. मीही छत्र्या उघडल्यात. एकदा एका सहकारी बँकेचं प्रकरण पेटलं होतं, तिच्या जाहिराती आमच्याकडे होत्या, आणि मी सलग दोन दिवस मोसमी वाऱ्यांवर लिहिलं. तिसऱ्या दिवशी वाचकांच्या पत्रांत एकाने हवामान खात्याकडून माझं अभिनंदन केलं होतं. आम्ही ते पत्र छापलं नाही.

मार्च २०१६ मध्ये 'लोकसत्ता'ने मदर तेरेसांच्या संतपदावर लिहिलेला 'असंतांचे संत' हा अग्रलेख दुसऱ्या दिवशी दिलगिरी व्यक्त करून मागे घेतला. त्या संध्याकाळी आमच्या टेबलावर चांगलीच जुंपली. मतं मागे घेता येतात का, यावर. माझं म्हणणं तेव्हाही होतं आणि आजही आहे की चुकलेलं तथ्य दुरुस्त करावं, दुखावलेल्यांची क्षमाही मागावी, पण अग्रलेख मागे घेता येत नाही. लोकांनी सकाळी घरात घेऊन वाचलेला असतो. तो चुकला असं वाटलं तर त्याच जागी, तितक्याच शब्दांत, का चुकला ते लिहावं. माझ्या दोन सहकाऱ्यांना हे अजिबात पटलं नाही, आणि त्यांची बाजू कमकुवत होती असं मी म्हणणार नाही.

कोणी वाचतं का? अंकाच्या खपाच्या मानाने थोडे वाचतात, आणि ते पूर्वीपासूनच तसं आहे. पण कोण वाचतं ते बघा. सरकारी माहिती खात्यात कात्रणं निघतात. जिल्हाधिकारी कार्यालयातून 'त्या तिसऱ्या परिच्छेदातला आकडा कुठून घेतलात' असा फोन येतो, तेव्हा अग्रलेख कुठे पोचलाय ते कळतं. पुण्यातल्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांची मुलं अग्रलेख अधोरेखित करत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना आमच्या भूमिकेत रस नसतो, निबंधासाठी मुद्दे हवे असतात. पण रोज एकाच पत्राचा अग्रलेख अधोरेखित करणारं पोर पाच वर्षांनी तहसीलदार होतं, आणि 'सर्वसामान्य' म्हणजे कोण हे बरंचसं तिथून शिकून आलेलं असतं. म्हणून लिहिणाऱ्याने तरी कोणी वाचत नाही या समजुतीत राहू नये.

आता व्हॉट्सॲपवर अग्रलेखाचं कात्रण फिरतं ते पत्राचं नाव कापून. पहिल्यांदा मला राग यायचा. नंतर लक्षात आलं की तुमच्यासारख्यांना ही आयती परीक्षा आहे. एकाच दिवसाचे तीन-चार दैनिकांचे अग्रलेख घ्या, नावं झाका, आणि ओळखा. अर्थसंकल्पाचा दिवस घेऊ नका, त्या दिवशी सगळे एकाच सुरात गातात. मोठ्या माणसाच्या निधनाचाही नको. जून महिन्यातला एखादा साधा मंगळवार घ्या, पहिल्या पावसात नाले तुंबलेत, बियाण्यांचा तुटवडा आहे, शाळा सुरू होताहेत. कोणी कोणता विषय उचलला इथूनच सुरुवात होईल.

आमच्या कचेरीत निवृत्तीच्या आधी एका तरुण सहकाऱ्याने हा खेळ मांडला होता. जुन्या अग्रलेखांच्या प्रती, वरची नावं आणि तारखा कापलेल्या. मी सहापैकी पाच बरोबर ओळखले. सहाव्यावर पैज लावून सांगितलं की हा आपला असूच शकत नाही. शहरी वाचकाची तळी उचलणारं, शेत कधी न पाहिलेलं कोणीतरी लिहिलंय, समोरच्या इमारतीतल्यांचा असणार. त्याने प्रत उलटी करून मागची तारीख दाखवली. डिसेंबर २०१०, कांदा.